इंग्रजीतील 'ओन्ली' : स्थान, अर्थ आणि मराठी भाषकांचा वापर

प्रस्तावना : इंग्रजी भाषेत अत्यंत परिचित आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेल्या क्रियाविशेषणांत 'ओन्ली' या शब्दाचा समावेश करावा लागेल. 'एक' या अर्थाचे आणि 'सारखा' या अर्थाचे अशा दोन प्राचीन इंग्रजी घटकांपासून तो सिद्ध झाला आहे. 'फक्त' हा त्याचा प्रतिशब्द विद्यार्थ्यांना शालेय वयातच माहीत होतो. तथापि हा शब्द वाक्यात कोठे ठेवावा, याबाबत पदवीस्तरावरही गोंधळ आढळतो. प्रस्तुत लेखात या गोंधळाचे स्वरूप व कारण स्पष्ट केले आहे.

स्थान आणि अर्थ : पुढील तीन वाक्ये पाहावीत. 'ओन्ली द प्रिन्सिपल साइन्ड द लेटर' म्हणजे पत्रावर प्राचार्यांनीच सही केली, इतर कोणी नाही. 'द प्रिन्सिपल ओन्ली साइन्ड द लेटर' म्हणजे प्राचार्यांनी पत्रावर फक्त सही केली. मजकूर त्यांचा नव्हे. 'द प्रिन्सिपल साइन्ड ओन्ली द लेटर' म्हणजे त्यांनी पत्रावरच सही केली, सोबतच्या अन्य कागदांवर नाही. शब्द तेच, केवळ एका शब्दाचे स्थान बदलताच अर्थ बदलतो. यांपैकी दुसरे वाक्य बोलताना 'लेटर' या शब्दावर आघात दिल्यास त्यातून तिसऱ्या वाक्याचाही अर्थ निघतो. लेखनात हा आघात दिसत नाही, हीच खरी अडचण होय.

मराठीशी तुलना : मराठीत हे कार्य बहुधा 'च' करतो. व्याकरणात त्याची गणना शुद्ध शब्दयोगी अव्ययांत केली जाते. ज्या शब्दावर भर द्यावयाचा त्यालाच तो चिकटतो. त्यामुळे संदिग्धता कमी राहते. मात्र 'च' केवळ व्यावर्तक नाही, तो निश्चयवाचकही आहे. 'तो आजच येणार आहे' या वाक्यात 'अन्य दिवशी नाही' यापेक्षा 'आजचा दिवस नक्की' हा भाव प्रबळ असू शकतो. याच वाक्याचे 'ही इज कमिंग टुडे ओन्ली' असे रूपांतर केले जाते. हिंदीतील 'ही' या निपातामुळेही असाच प्रयोग घडतो आणि भारतीय इंग्रजीत तो रूढ आहे. परंतु अन्य देशांतील वाचकास त्यातून 'फक्त आजच्यापुरता' असा अर्थ प्रतीत होण्याचा संभव असतो.

धनादेशावरील 'रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली' या प्रयोगात मात्र शेवटचे स्थान हेतुपूर्वक योजलेले असते. रकमेपुढे अधिक काही लिहिले जाऊ नये, हा त्यामागील उद्देश होय. मराठीतही 'रुपये पाचशे फक्त' असे लिहितात.

अटींची भाषा : 'इफ' आणि 'ओन्ली इफ' यांतील भेद मराठीतील 'तर' आणि 'तरच' यांच्यासारखा आहे. 'अर्ज केला तर शिष्यवृत्ती मिळेल' हे आश्वासन आहे. 'अर्ज केला तरच शिष्यवृत्ती मिळेल' ही केवळ आवश्यक अट आहे, हमी नव्हे. याउलट 'इफ ओन्ली' हा प्रयोग अपूर्ण इच्छा व्यक्त करतो. मराठीत त्यासाठी 'तो आला असता तर!' अशी रचना येते.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व सूचनाफलकावर दिसते. 'स्टुडंट्स हू हॅव पेड द फी कॅन ओन्ली यूज द लायब्ररी' या सूचनेचा काटेकोर अर्थ असा की, शुल्क भरणाऱ्यांना ग्रंथालयाखेरीज अन्य सुविधा नाही. अभिप्रेत अर्थासाठी 'ओन्ली' वाक्यारंभी हवा.

समारोप : 'ओन्ली' नेहमी संबंधित शब्दालगतच असावा, हा आग्रह जुना आहे. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात, जेथे संदिग्धता नाही तेथे असा आग्रह धरण्यास विरोध दर्शविला. त्यामुळे 'ही ओन्ली केम यस्टरडे' हे वाक्य उत्तरपत्रिकेत चूक ठरविणे योग्य नाही. परंतु नियम, सूचना व प्रश्नपत्रिका यांत, जेथे वाचणाऱ्याचे हित शब्दाच्या स्थानावर अवलंबून असते, तेथे तो संबंधित शब्दालगतच ठेवणे श्रेयस्कर. त्यासाठी अध्यापकांनी विद्यार्थ्यांना एक सोपी कसोटी द्यावी : मराठीत 'च' कोणत्या शब्दाला लागतो आणि तो 'फक्त' या अर्थाचा आहे की 'नक्की' या अर्थाचा, हे प्रथम ठरवावे. पहिल्या अर्थी 'ओन्ली' त्या शब्दालगत ठेवावा. दुसऱ्या अर्थी तो टाळावा.