मनाची कवाडें उघडीं कशीं राहतील?

“संधीच मिळाली नाहीं,” हें वाक्य आपल्या घराघरांतून इतक्या सहजतेनें उच्चारिलें जातें कीं, त्याचा खरेखोटेपणा तपासून पाहण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. मुलगा पदवीधर होतो, दोन-चार वर्षें स्पर्धा-परीक्षांच्या तयारींत घालवितो, आणि अखेरीस सुरतेची किंवा पुण्याची गाडी धरतो. ओट्यावरील वडील मंडळी ‘खानदेशांत आतां कांहीं राहिलें नाहीं’ म्हणून सुस्कारा टाकतात. संधी दुर्मिळ असते, हें आम्ही अमान्य करीत नाहीं. परंतु पुष्कळदां ती दारापर्यंत येऊन परत जाते, कारण तिला ओळखणारें मन घरांत नसतें. असें मन प्रयत्नानें घडवितां येतें, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रत्यक्ष ज्ञान कसें होतें याविषयीं आपल्या नैयायिकांनीं एक मार्मिक सिद्धांत मांडला आहे. डोळ्यांपुढें वस्तु असली म्हणजे ती दिसतेच असें नाहीं. आत्म्याचा मनाशीं, मनाचा इंद्रियाशीं आणि इंद्रियाचा वस्तूशीं संयोग व्हावा लागतो, तेव्हां कोठें ज्ञान होतें. शिवाय मन हें अणुप्रमाण. तें एका वेळीं एकाच ठिकाणीं जडतें. फळ्याकडे टक लावून बसलेल्या विद्यार्थ्यास फळ्यावरील अक्षरें दिसत नाहींत, हा तर प्रत्येक शिक्षकाचा नित्याचा अनुभव. संधीचेंही तसेंच आहे. ती डोळ्यांपुढें असते. मन मात्र अन्यत्र जडलेलें असतें.

दाखले शोधण्यास दूर जावयास नको. आमच्या शिंदखेड्याहून रेल्वेनें पूर्वेस निघालें म्हणजे नरडाण्यापुढें अमळनेर लागतें. येथें १९४५ सालीं महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांच्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीचा उद्योग सुरू झाला. वनस्पति तूप हा तिचा मुख्य माल. तेलाच्या उद्योगांत निघणाऱ्या दुय्यम पदार्थांपासून ती धुण्याचा साबणही करूं लागली. १९६६ सालीं वडील निवर्तल्यामुळें २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेंतील शिक्षण अर्धवट टाकून परतले व त्यांनीं धंदा हातीं घेतला. पुढें १९७७-७८ च्या सुमारास आय. बी. एम. ही बलाढ्य संगणक-कंपनी भारतांतून निघून गेली. ही वार्ता वर्तमानपत्रें वाचणाऱ्या सर्वांनींच वाचली असेल. परंतु तेल व साबण विकणाऱ्या या गृहस्थांना त्या वार्तेंत एक रिकामी झालेली जागा दिसली, आणि त्यांची कंपनी संगणकांच्या व्यवसायांत शिरली. तीच आजची विप्रो.

त्याच मार्गानें आणखी पुढें गेलें कीं जळगांव. त्या जिल्ह्यांतील वाकोद या खेड्यांत १९३७ सालीं भवरलाल जैन यांचा जन्म झाला. ते कायद्याचे पदवीधर होते; सरकारी अधिकाऱ्याची जागा चालून आली असतां ती नाकारून त्यांनीं १९६३ सालीं रॉकेल विकण्यास आरंभ केला. भांडवल म्हणजे घरांत तीन पिढ्यांनीं सांठविलेले ७,००० रुपये! १९७८ सालीं त्यांनीं केळ्यांची भुकटी करण्याचा एक बंद पडलेला कारखाना विकत घेतला. इतरांस जेथें मोडीचें लोखंड दिसलें, तेथें त्यांना पपई दिसली. यंत्रांत फेरफार करून त्यांनीं पपईच्या चिकापासून पपेन तयार केलें व तें परदेशीं धाडिलें. पुढें प्लॅस्टिकचे नळ आणि मग ठिबक सिंचन, असा हा व्याप वाढत गेला. २०१६ सालीं ते निवर्तले.

या हकीगतींत आम्हांस सर्वांत मोलाचे वाटतात ते हे ७,००० रुपये. तीन पिढ्यांची पुंजी एका तरुणाच्या रॉकेलच्या धंद्यांत घालूं देणारें तें घर! मन एकट्या भवरलालांचेंच नव्हे, तर सर्व कुटुंबाचें उघडें होतें.

संधी म्हणजे केवळ द्रव्यलाभ असें मात्र कोणीं समजूं नये. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबाजींनीं १८ रविवारीं गीतेवर १८ प्रवचनें केलीं, आणि अमळनेरच्या शाळेंत पूर्वीं शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. तुरुंगांतील सक्तीच्या दिवसांतून ‘गीता-प्रवचनें’ हा ग्रंथ निर्माण झाला.

आतां प्रश्न असा कीं, मनास हें वळण लावावें कसें? योगशास्त्रांत मनाच्या निग्रहासाठीं अभ्यास आणि वैराग्य हीं दोन साधनें सांगितलीं आहेत. तींच येथें उपयोगीं पडतात. अभ्यास असा: रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील प्रत्येकानें त्या दिवशीं पाहिलेली एक गोष्ट सांगावी. शेतांत काय वायां गेलें, दोंडाईच्याच्या बाजारांत कोणता माल पडून राहिला, कोणत्या वस्तूसाठीं गांवकऱ्यांस धुळ्याची वाट धरावी लागली. महिन्याभरांत डोळे निराळेंच पाहूं लागतील. वैराग्य असें: आपल्या शिक्षणाचा व कुळाचा जो अभिमान नव्या कामाआड येतो, तो तेवढ्यापुरता बाजूस ठेवावा. वकिलीचें शिक्षण झालेल्या माणसास रॉकेल विकतांना कमीपणा वाटला असता, तर पुढील कांहींच घडलें नसतें.

वडील माणसांवर याहून मोठी जबाबदारी आहे. मुलानें, मुलीनें अथवा सुनेनें कांहीं नवें सुचविलें कीं, ‘आपल्यांत असें करीत नाहींत’ हें उत्तर तोंडांतून आपोआप निघतें. त्या एका वाक्यानें किती कल्पना उंबरठ्यावरच मरतात, याची गणती कोणीं केली आहे? त्याऐवजीं तीन प्रश्न विचारावे. पैसा किती लागेल? हें काम कोणापाशीं शिकणार? आणि बुडालें तर घरास किती झळ लागेल? उत्तरें आल्यावर एक रात्र जाऊं द्यावी, आणि मग सर्वांनीं मिळून निर्णय करावा.

हा तिसरा प्रश्न कधींही गाळूं नये. दामदुप्पट करून देणारे संदेश आज प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. त्यांस भुलणें म्हणजे मन उघडें असणें नव्हे. कवाड उघडें असलें तरी घरास उंबरठा असावाच लागतो. परंतु उंबरठा आहे म्हणून कवाडच लावून घेणें, हेंही शहाणपण नव्हे. आपल्या घरांतील तरुण माणूस उद्यां कांहीं सांगावयास आला, तर वाचकहो, निदान त्याचें बोलणें पुरतें ऐकून घ्या.