चिक्कपेटच्या पोटात बारा नारळ

सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळूरच्या एका मेट्रो स्थानकाच्या नावावरून महाराष्ट्रात वादळ उठलं. ते स्थानक तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं. शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात ८ सप्टेंबरला वार्षिक सण होता. तिथे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी आर्चबिशपांना शब्द दिला की, इथल्या भुयारी स्थानकाला सेंट मेरीचं नाव द्यावं अशी शिफारस केंद्राकडे करू. दोन-तीन दिवसांतच मुंबईहून देवेंद्र फडणवीसांनी उत्तर दिलं की, हा छत्रपती शिवाजी महाराजांचा अपमान आहे. मग दूरचित्रवाणीवर जे व्हायचं ते झालं.

त्या आठवड्यात मला चार जणांनी फोन करून एकच विचारलं, "तुम्ही बंगळूरच्या मेट्रोवर काहीतरी लिहिताय ना? मग यावर लिहा." मी लिहीत होते हे खरं. २०११ च्या ऑक्टोबरात बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड हा पहिला पावणेसात किलोमीटरचा, सहा स्थानकांचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून या मेट्रोचे नकाशे मी जमवत आले आहे. दर नव्या टप्प्याबरोबर नकाशा बदलतो, जुना मी वहीत चिकटवते. पण त्या नकाशात मी शोधत होते तो मराठी पत्ता शिवाजीनगरचा नव्हताच. तो चिक्कपेटचा होता.

आधी जाळ्याची ओळख करून घेऊ, थोडक्यात. जांभळी मार्गिका पूर्व-पश्चिम जाते आणि ऑक्टोबर २०२३ पासून व्हाइटफिल्ड ते चल्लघट्ट अशी सलग धावते. हिरवी उत्तर-दक्षिण, मादावरपासून सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत. दोघी मॅजेस्टिकला एकमेकींना छेदतात. हे नाव एका सिनेमागृहावरून पडलेलं, आणि भोवतालचं बसस्थानक धर्मांबुधी नावाच्या तळ्याच्या कोरड्या तळावर उभं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका आली: आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, १९ किलोमीटर, १६ स्थानकं, चालकाविना धावू शकणाऱ्या गाड्या. गुलाबी मार्गिका कळेना अग्रहार ते नागवार अशी आखलेली, तिचा मधला मोठा भाग भुयारात, आणि वादातलं शिवाजीनगर तिच्यावर. तिथलं भुयार खोदणाऱ्या यंत्राचं नाव 'ऊर्जा'. कॅन्टोन्मेंटकडून निघालेली ऊर्जा २२ सप्टेंबर २०२१ ला शिवाजीनगरच्या खड्ड्यात भिंत फोडून बाहेर आली, तेव्हा स्थानकाच्या नावाची कुणालाही फिकीर नव्हती.

शिवाजीनगरचं जुनं नाव ब्लॅकपल्ली. छावणीच्या काळातली ही वस्ती तमिळ, उर्दू आणि इंग्रजी बोलणाऱ्यांची होती, आणि बॅसिलिका तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. महाराजांचं नाव या भागाला नंतर आदरानं दिलेलं आहे. ते राहावं असंच मला वाटतं. पण महाराज बालपणी काही काळ बंगळुरात होते ते या भागात नव्हते. ते जुन्या पेठेत होते.

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं आणि कारभार शहाजीराजांकडे आला. पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेली ही मातीच्या तटाची पेठ पुढची ४९ वर्षं भोसल्यांच्या हाती होती. शहाजीराजे राहत तो गौरीमहाल आजच्या चिक्कपेटेत होता असं परंपरा सांगते. त्याचा एक दगडही उरलेला नाही. आज तिथे साड्यांची घाऊक दुकानं, जरीच्या गठ्ठ्यांखाली वाकलेले हमाल, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पायरीवर चढावं लागेल अशा गल्ल्या आहेत. पेठेत शिंपी आणि भावसार समाजाची जुनी घरं आहेत. त्यांची घरात बोलली जाणारी मराठी ऐकली की वाटतं, ही भाषा पुण्याला न विचारता वाढली आहे.

चिक्कपेटच्या पोटातून बोगदा काढणं हे पहिल्या टप्प्यातलं सर्वांत कठीण काम ठरलं. वर शतकांची दाटी, खाली एका हातावर कठीण ग्रॅनाइट आणि दुसऱ्या हातावर भुसभुशीत माती. यंत्राच्या तोंडाचे कातणारे दाते एकाच फेरीत दगडावर आपटत आणि चिखलात रुतत. चिक्कपेट ते मॅजेस्टिक हे अंतर नकाशावर बोटभर आहे, पण ते पार करायला दोन यंत्रांना २०१६ चा बराचसा काळ लागला. त्या यंत्रांची नावं होती गोदावरी आणि कृष्णा. एक त्र्यंबकेश्वरची, दुसरी महाबळेश्वरची. बंगळुरातल्या कुणी अभियंत्याने ती नावं देताना नाशिकचा विचार केला नसणार. मी मात्र केला, कारण या पेठेत शहाजीराजांना भेटायला जो माणूस आला तो नाशिककडचा होता.

त्याचं नाव जयराम पिंड्ये. शाळेच्या पुस्तकात तो नाही. शिवचरित्राच्या तळटीपांत सापडतो, तोही बहुधा त्याच्या दुसऱ्या काव्यामुळे, १६७३ ची पन्हाळ्याची मोहीम सांगणाऱ्या 'पर्णालपर्वतग्रहणाख्याना'मुळे. त्याचं पहिलं काव्य 'राधामाधवविलासचंपू'. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ते १९२२ मध्ये छापलं आणि त्याला एवढी लांबलचक प्रस्तावना जोडली की पुष्कळांनी प्रस्तावनाच वाचली. शहाजीराजे म्हणजे नुसते शिवरायांचे वडील नव्हेत, दक्षिणेत राज्याची घडी बसवणारे स्वतंत्र कर्तृत्वाचे पुरुष होते, हे राजवाडे तिथे कळकळीने मांडतात. मलाही ते पटतं. पण माझं मन अडकलं ते चंपूच्या शेवटच्या भागात.

काव्याची सुरुवात राधाकृष्णाच्या शृंगाराने होते. मग कवी बंगळुरात पोचतो आणि ग्रंथाचा रंग बदलतो. जयराम दरबारात येतो आणि शहाजीराजांपुढे बारा नारळ ठेवतो. बारा का? तर आपण बारा भाषांत कविता करतो म्हणून. भाषेमागे एक नारळ. पुढे राजे समस्या घालतात, म्हणजे श्लोकाचा एक चरण देतात, आणि दरबारातले कवी तो पुरा करतात. राजे स्वतः संस्कृतात समस्या घालतात हे जयराम आवर्जून नोंदवतो. आणि मग शेवटी भाषांची मिरवणूकच निघते. मराठी आहे, कन्नड आहे, ग्वाल्हेरची बोली आहे, गुजराती, ढुंढारी, पंजाबी, बागलाणी, फारसीची छाप असलेली यावनी आणि तिची दक्षिणी बहीण आहे. त्यातल्या एका पद्यात शाहजहान आणि शहाजी या नावांतलं साम्य धरून उत्तर एकाची, दक्षिण दुसऱ्याची अशी पृथ्वीची वाटणी केलेली आहे. कवी तोंडपुजे असतात, हे मान्य. पण तोंडपुजेपणासाठीसुद्धा ऐकणाऱ्याला भाषा कळाव्या लागतात. ज्या दरबारात ढुंढारी कवनाला कानडी मुलखात दाद मिळते, तो दरबार कसा असेल? तिथले पागेवाले, मोदी, वैद्य, कारकून कोणत्या भाषेत भांडत असतील?

या प्रश्नासाठी मी चिक्कपेट स्थानकावर पुन्हा पुन्हा उतरले. खाली फलाटावर थंड हवा, वर आलं की अगरबत्ती, तळण आणि नव्या कापडाचा वास. पुढच्याच के. आर. मार्केट स्थानकाचं खोदकाम चालू असताना २०१२ मध्ये किल्ल्याजवळ जुन्या लोखंडी तोफा सापडल्या होत्या. त्यामुळे चिक्कपेटच्या खड्ड्यातही काही निघेल अशी मला वेडी आशा होती. निघालं नाही. मातीच्या भिंती आणि लाकडी खांबांचा वाडा चारशे वर्षं मागे काही ठेवत नाही. राहिला तो जयरामाचा कागद.

आणि याच स्थानकावर २०१७ मध्ये भाषेचं भांडण झालं.

जून २०१७ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला आणि हिरवी मार्गिका भुयारातून सलग सुरू झाली. पाट्या तीन भाषांत होत्या: कन्नड, इंग्रजी, हिंदी. समाजमाध्यमांवर 'नम्म मेट्रो, हिंदी बेडा' अशी हाक उठली. आमची मेट्रो, हिंदी नको. जुलैच्या सुरुवातीला मॅजेस्टिक आणि चिक्कपेट या दोन स्थानकांवरची हिंदी अक्षरं झाकण्यात आली. महिनाअखेरीस राज्य सरकारने केंद्राला कळवलं की पाट्या नव्याने करू, आणि मेट्रोतून हिंदी गेली.

महाराष्ट्रात तेव्हा बऱ्याच जणांनी याला संकुचितपणा म्हटलं. मी त्यांच्यात नव्हते. आपल्याकडे २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय लोकांनी मागे घ्यायला लावला तेव्हा तरी आपल्याला कन्नडिगांचं दुखणं कळायला हवं. जयरामाच्या बारा नारळांत एकही नारळ वरून हुकूम म्हणून आलेला नव्हता. ज्याला जी भाषा येत होती ती तो हौसेने पुढे ठेवत होता, आणि यजमान ती कौतुकाने ऐकत होता. सरकारी पाटीवर लादलेली तिसरी ओळ आणि दरबारात मांडलेला बारावा नारळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिक्कपेटच्या पाटीवर कन्नड सर्वांत वर असावी यात मला काही गैर दिसत नाही. शहाजीराजांनाही दिसलं नसतं, असं मी राजवाड्यांच्या भरवशावर म्हणते.

नावांचं म्हणाल तर या जाळ्यावर नावांची रीतच निराळी आहे. विधानसौधजवळच्या स्थानकाला डॉ. आंबेडकरांचं नाव आहे आणि तिथे उतरताना मला बरं वाटतं. पिवळ्या मार्गिकेवर कोनप्पन अग्रहारच्या नावाआधी इन्फोसिस फाउंडेशन लागतं, हेब्बगोडीच्या आधी बायोकॉन, बोम्मसंद्रच्या आधी डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स. हिरव्या मार्गिकेवर संपिगे रोडच्या आधी मंत्री स्क्वेअर हा मॉल लागतो. कंपन्यांनी पैसे दिले, स्थानकं उभी राहिली, हे मी समजू शकते. तरीही ज्या शहराने शंकर नागला अजून एक स्थानक दिलेलं नाही, त्या शहराला हे शोभत नाही. शंकर नाग होन्नावरचा. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला. चाफेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्याचा वाटा होता. 'मालगुडी डेज' तर सगळ्या देशाने पाहिलं. बंगळूरला मेट्रो हवी हे त्याने १९८०च्या दशकात, लोक हसत असताना, सांगितलं. १९९० मध्ये दावणगेऱ्याजवळ अपघातात तो गेला, ३५ वर्षांचा. मेट्रोला त्याचं नाव द्या ही मागणी त्याचे चाहते वर्षानुवर्षं करत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी 'बसव मेट्रो' या नावाची शिफारस करू असं जाहीर केलं. बसवण्णांविषयी आदर आहेच. शंकर पुन्हा रांगेत मागे गेला.

आता संपिगे रोड. संपिगे म्हणजे चाफा. मॉलकडे पाठ करून या रस्त्याने मल्लेश्वरमकडे चालत गेलं की काडु मल्लेश्वराचं देऊळ लागतं. काडु म्हणजे रान. आज रान नाही, झाडं मात्र आहेत. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी उर्फ एकोजी यांनी १६६९ मध्ये मल्लपुरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा शिलालेख इथला. लेख कन्नडमध्ये आहे. भोसल्यांच्या घरातला राजा, शैव देव, कानडी गाव, आणि शासनाची भाषा तिथल्या प्रजेची. मला हा दगड चंपूइतकाच मोलाचा वाटतो. चंपूत दरबार दिसतो, दगडात कारभार.

पुढची हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. तंजावर हाती आल्यावर एकोजींना बंगळूर सांभाळणं जड जाऊ लागलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी तीन लाख रुपयांत सौदा ठरला. तो पुरा होण्याआधीच १६८७ मध्ये मुघल सरदार कासिमखानाने शहर घेतलं आणि पुढे म्हैसूरलाच दिलं. मराठी इतिहासकार या व्यवहाराबद्दल जरा अवघडून लिहितात. अवघडण्यासारखं त्यात काही नाही. एकोजींचं लक्ष कावेरीकडे गेलं होतं, इतकंच.

मेट्रोच्या अधिकाऱ्यांना मी पत्र लिहिलं आहे, कन्नडमध्ये, एका स्नेह्याकडून तपासून. त्यात कोणत्याही स्थानकाचं नाव बदलण्याची मागणी नाही. चिक्कपेट हे नाव जुनं आहे, सुंदर आहे, ते तसंच राहू दे. एवढंच मागितलं आहे की, फलाटाकडे उतरणाऱ्या जिन्याजवळच्या मोकळ्या भिंतीवर बारा नारळ रंगवावेत, आणि प्रत्येकाखाली त्या त्या भाषेचं नाव त्या त्या लिपीत लिहावं. कन्नड पहिली.

उत्तर यायचं आहे. गेल्या खेपेला परतताना मॅजेस्टिककडची गाडी पकडली. दारं मिटली, कन्नडमध्ये पुढच्या निल्दाणाची, म्हणजे स्थानकाची, घोषणा झाली, आणि गाडी गोदावरीने की कृष्णेने, कुणी खोदलेल्या ते मला ठरवता आलं नाही, त्या बोगद्यात शिरली. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर चिक्कपेटेतून घेतलेल्या साड्यांचा गठ्ठा होता. त्या फोनवर मुलीला जांभळ्या काठाची घेतल्याचं सांगत होत्या. मराठीतच, पण क्रियापदं कानडी वळणाची. मी त्यांना गाव विचारलं. "इथलंच की हो, पेठेतलं," त्या म्हणाल्या.