संस्थापक गेल्यावरचं डेबियन

१६ ऑगस्ट १९९३ रोजी पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या इयान मर्डॉकने डेबियन या लिनक्स वितरणाची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, अशी दोन नावं जोडून हे नाव झालं. एसएलएस हे तेव्हाचं प्रचलित वितरण चुकांनी भरलेलं होतं. अनेकांनी मिळून, उघडपणे काही नीट बांधावं, हा त्याचा हेतू.

मार्च १९९६ मध्ये मर्डॉक बाजूला झाला. संस्थापकाने हात काढला की नाट्यसंस्था काय, मासिक काय, बहुधा आटोपतंच. माझ्या मते डेबियनचा खरा इतिहास मात्र इथूनच सुरू होतो.

मर्डॉकनंतर प्रमुख झालेल्या ब्रूस पेरेन्सच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ मंजूर झाला: डेबियन मुक्तच राहील आणि आपले दोष लपवणार नाही. त्यासोबतच्या मार्गदर्शक तत्त्वांवरूनच पुढच्या वर्षी ‘ओपन सोर्स’ची व्याख्या बेतली गेली. डिसेंबर १९९८ मध्ये राज्यघटना आली. प्रमुख दरवर्षी निवडायचा आणि त्याचा निर्णय सदस्यांना मतदानाने फिरवता येणार. कुणावरही काम करण्याची सक्ती नाही, हे तर घटनेतच लिहिलंय. फुकट राबणाऱ्यांच्या संस्थेत याहून शहाणं कलम सापडणं कठीण! एखादं पॅकेज सांभाळणारा थकला, तर ते ‘अनाथ’ म्हणून जाहीर होतं आणि दुसरा कुणी ते दत्तक घेतो.

या लोकशाहीची किंमतही मोजावी लागली. जुलै २००२ नंतरची आवृत्ती थेट जून २००५ मध्ये निघाली. दरम्यान डेबियनच्याच पायावर उभं राहिलेलं उबुंटू दर सहा महिन्यांनी नवं काही देऊ लागलं. डेबियन संपलं असं म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. पण उबुंटू आजही आपली बहुतेक पॅकेजेस तिथूनच उचलतं. २०१४ मध्ये संगणक सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडी या प्रणालीवरून कडाक्याचं भांडण झालं, काहीजणांनी वेगळी चूल मांडून देवुआन काढलं. २०१९ मध्ये तर मुदतीत प्रमुखपदासाठी एकही अर्ज आला नाही. मुदत वाढवावी लागली.

मर्डॉक डिसेंबर २०१५ मध्ये गेला. काम मात्र थांबलं नाही; ‘डेबियन १३’ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये २००९ पासून मराठीचाही पर्याय आहे. त्यातलं एखादं वाक्य खटकलं, तर जरूर कळवा. डेबियनची तक्रारवही सगळ्यांना खुली आहे.