वीस फुटी खांब, पंधरा इंची जाडी

सकाळचे दहा. भोपाळच्या अरेरा कॉलोनीत, 10 नंबर मार्केटमागच्या गल्लीत एक नवा बंगला नटतो आहे. पोर्चसमोर चार चौकोनी आरसीसी खांब उभे आहेत आणि परांचीवरचे दोघे त्यांना गोल अंगरखा चढवत आहेत. जीआरसीचे, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या सिमेंटचे, दोन अर्धगोल तुकडे समोरासमोर येतात, स्क्रू आवळले जातात, सांध्यात पुट्टी जाते. मिस्त्री ओळंबा सोडून बघतो. "वजन तो अंदरवाला झेलता है," तो खाली बघत सांगतो, "ये तो खोल है."

खाली वाळूवर खांबांची डोकी मांडलेली आहेत. दोन्ही बाजूंना गुंडाळी असलेली आयोनिक, पानांनी भरलेली कॉरिंथियन. वर त्रिकोणी शिरोभागाचा साचा बांधून तयार आहे. खांबांवर त्रिकोण ठेवून घराला देवळाचा तोंडवळा देण्याची ही रीत सोळाव्या शतकातल्या इटलीच्या पल्लादिओची. पुढे 1738 मध्ये हर्क्युलेनियम आणि 1748 मध्ये पाँपेई इथे खोदकाम सुरू झालं आणि युरोपभर नवअभिजात शैलीचं वेड पसरलं. फाटकावर सोनेरी रंगाची पानांची चक्रं आहेत; ती नेपोलियनच्या काळातल्या एम्पायर शैलीतली. ग्रीक पुनरुज्जीवनाचा भारदस्त डोरिक खांब तेवढा इथे नाही. तो बघायचा तर मुंबईचा 1833 चा टाउन हॉल, म्हणजे आपल्या एशियाटिक सोसायटीची इमारत.

मी मिस्त्रीकडून टेप मागून घेतो. उंची 20 फूट, जाडी 15 इंच. म्हणजे जाडीच्या 16 पट उंची. अभिजात हिशेबात आयोनिक खांब साधारण 9 पट, सर्वांत सडपातळ कॉरिंथियन 10 पट. या उंचीला दोन फुटांची जाडी हवी.

"आणखी जाड केले तर गाडी वळणार कशी?" घरमालकीणबाई विचारतात. "आमचे हे दोन महिने हेच मोजतायत."

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर खांब बारीक करणं नव्हे. तो दुमजली ताणायचा नाही. पोर्चपुरता, बारा फुटांवर थांबवायचा. मग हीच 15 इंच जाडी शोभते, आणि गाडीही वळते. अंगरखा कुठलाही निवडा, आधी उंचीला जाडीने भागून बघा.