बरणी भंगारात देण्यापूर्वी

बेळगाव-निपाणी भागात जुनी घरे पाडली जातात, तेव्हा माळ्यावरच्या चिनी मातीच्या बरण्या भंगारात जातात. आमच्या आईची बरणी घर विकताना आम्हीच अशी देऊन टाकली. तेव्हापासून जुन्या बरण्या जमवतो.

खानापूरचा माठ पाणी गार करतो, कारण तो झिरपतो. लोणच्याच्या बरणीला नेमके तेच नको. वरून तपकिरी, खाली पिवळट पांढरी अशी ही बरणी सुमारे १२०० अंशांवर भाजतात. माती दगडासारखी घट्ट होते, मीठ-आंबट आत मुरत नाही. अमेरिकेतही १९व्या शतकात अशाच दगडी बरण्यांत लोणची आणि खारवलेले मांस ठेवत. तिकडे तापल्या भट्टीत मीठ टाकत. त्याची वाफ मातीवर बसून काचेसारखी झिलई येई. निळ्या रंगात पक्षी रंगवलेल्या त्या बरण्या आज लिलावात भारी किमतीला जातात. आपल्या मात्र किलोवर!

घेताना टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजली तर शाबूत, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. (पूर्वी चांदीचा रुपयाही असाच वाजवून घेत.) एकदा आम्ही घाईत टिचकी विसरलो. लिंबाचे लोणचे भरले आणि महिन्याभरात बाहेरून मिठाचे पांढरे पापुद्रे! सौभाग्यवती अजून ऐकवतात.

बूडही उलटे करून पाहा, कधी कारखान्याचा शिक्का सापडतो. घरचीच बरणी असेल तर ती कोणाची, कोणत्या गावची, हे चिठ्ठीवर लिहून आत टाकून ठेवा. दादरा बांधला की चिठ्ठी टिकते.