डब्यावरचे सहाशे

"सहाशे लिहिलंय की वर! माझी गाडी काय सहाशेला जाते?" सरांनी रिकामा डबा पुराव्यासारखा कट्ट्यावर ठेवला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं गॅरेज, 1984 सालची प्रीमियर पद्मिनी, आणि तिच्या इंजिनावरून उतरवलेला बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. दिवाळीत दिलेला चंदेरी रंग होळीच्या आत कांद्याच्या टरफलासारखा सुटत होता. सर आमच्याच कॉलनीतले, निवृत्त शिक्षक. त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. सहाशे अंश सोसणारा म्हणून विकलेला रंग चाळीस अश्वशक्तीच्या म्हाताऱ्या इंजिनापुढे हार का मानतो? बघायला हवं, म्हणून मी त्यांच्याबरोबर फिरायला लागलो.

मिस्त्रींनी उत्तर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं दिलं. एक पापुद्रा उचलून उलटा केला. त्याच्या पाठीला काळपट तपकिरी भुकटी चिकटलेली.

"ह्यो रेड ऑक्साइड. वरचा रंग जळला न्हाई सर, खालचा प्राइमर जळला."

पेंटरच्या हाताला सवयच तशी असते. लोखंड दिसलं की आधी रेड ऑक्साइड. गेटाला, ग्रिलला ते बरोबर आहे. पण त्या प्राइमरला धरून ठेवणारं रेझिन दोन-अडीचशे अंशांत करपतं, आणि मग वरचा सहाशेवाला रंग राखेवर उभा राहतो. हा रंग थेट उघड्या धातूवर द्यायचा असतो. तसं डब्यावर लिहिलेलंही होतं, सहाशेच्या आकड्याहून फारच बारीक अक्षरांत.

रंगाच्या दुकानात तीन जातींचे डबे समोर आले: दोनशेवाला, चारशेवाला, सहाशेवाला. सहाशेवाल्यात सिलिकोन रेझिन आणि अल्युमिनियमची बारीक पापुद्री असते. साध्या ऑइलपेंटचा कणा कार्बनचा, तो तापला की जळून जातो. सिलिकोनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, म्हणजे वाळूचीच जात. तीनशेच्या पुढे त्यातला जळणारा भाग उडून जातो आणि मागे जे काचेसारखं जाळं राहतं ते अल्युमिनियमला धातूशी बांधून ठेवतं. अल्युमिनियम स्वतः 660 अंशांना वितळतं. तेव्हा सहाशे हा आकडा काही हवेतून आलेला नाही.

सरांच्या मुलाचं मत निराळं. तो पुण्याला असतो, फोनवर म्हणाला, "बाबा, सिरॅमिक करून टाका." सिरॅमिकचं काम खरंच मोठं आहे. प्लाझ्माच्या झोतानं झिर्कोनियाचा थर देतात, विमानाच्या टर्बाइनच्या पात्यांवर असतो तशातला. झिर्कोनियातून उष्णता बिडाच्या तुलनेत वीसेक पटींनी कमी वाहते. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनात, जिथे धूर नऊशेच्या घरात जातो, तिथे ते पैसे वसूल होतात. पद्मिनीला? मला तरी ती हौस वाटते. शिवाय बाजारात सिरॅमिक म्हणून मिळणारे कितीतरी स्प्रेचे डबे म्हणजे तेच सिलिकोन रेझिन, त्यात थोडी सिरॅमिकची पूड. फरक मुख्यतः किमतीत. जुन्या जॅग्वारच्या मॅनिफोल्डवर कारखान्यातूनच काळं मिन्याचं काम यायचं, चहाच्या टमरेलावर असतं तसलं. दिसायला देखणं, पण टवके उडतात आणि ते पुन्हा करून देणारा माणूस शोधत बसावं लागतं. मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळायचा सल्ला मिस्त्रींनी वाक्य पुरं व्हायच्या आत उडवला. आमच्या पावसात ती पट्टी ओल धरते आणि आतलं बीड कुजवते.

"घाट चढतासा का?" त्यांनी सरांना विचारलं. वर्षातून एकदा, आंबा घाटानं गणपतीपुळ्याला. "मग कवा लाल झालेला बघितलाय?" लोखंड अंधारात सव्वापाचशेच्या आसपास तांबूस दिसायला लागतं, थर्मामीटर नव्हते तेव्हापासून मिस्त्रीलोकांचं हेच माप. सरांचा मॅनिफोल्ड कधीच लाल झाला नव्हता. म्हणजे सहाशेवाला रंग पुष्कळ झाला. तोच घ्यायचा, फक्त यावेळी नीट लावायचा.

नीट म्हणजे काय, ते शिरोलीच्या एमआयडीसीत कळलं. तिथे ब्लास्टिंगच्या खोलीत एक पोरगा काम करतो, वय बावीस-तेवीस. दिवसभर फाउंड्रीतून येणारं कास्टिंग साफ करायचं. आमचा मॅनिफोल्ड त्याच्या ढिगात कुठल्या कुठे हरवला असता. बिडाच्या अंगात वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं, म्हणून त्यानं आधी तो भट्टीत तापवून तेल जाळून घेतलं. मग डोक्यावर टोप, टोपाला हवेची नळी, आणि आत शिरला. बाहेरून नुसता खरखराट ऐकू येत होता. मी विचारलं, वाळूच मारता का? तर तो पहिल्यांदाच जरा चिडून बोलला. "वाळू न्हाई. वाळूनं छातीचं वाटोळं हुतंय. ग्रिट हाय ही." टोपाची काच घासून घासून आंधळी झालेली. त्यातून त्याला कितपत दिसत असेल, कोण जाणे.

बाहेर आला तेव्हा मॅनिफोल्ड राखाडी, कोरडा, एकसारखा खरबरीत. सर पुढे झाले आणि कौतुकानं त्यावरून अंगठा फिरवला.

"हात लावलासा न्हवं?"

"जरासा."

पोरानं काही न बोलता नग उचलला आणि पुन्हा आत गेला. बोटाच्या तेलकटपणावर रंग धरत नाही, तेवढ्याच जागेवरून उठतो. सर ओशाळले. त्यांनी त्याला चहा विचारला, त्यानं टोपातूनच मान हलवली. दुसऱ्यांदा त्यानं सुती हातमोज्यांत नग बाहेर आणला आणि गॅस्केट बसतं त्या तोंडांवर स्वतःच टेप मारून दिला, कारण तिथे रंग चालत नाही. ते काम त्याचं नव्हतं.

रंग त्याच दुपारी दिला. हवा दमट होती, उघडं बीड संध्याकाळपर्यंत तांबूस झालं असतं. दोन पातळ हात. जाड दिला की फोड येतात. तासाभरात हाताला सुका लागला, पण पेट्रोलचं बोट फिरवलं असतं तर पुसला गेला असता. पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत दोनशे अंशांवर तासभर ठेवल्यावर तो खरा पकडला.

उरलेली भाजणी इंजिनावरच. दहा मिनिटं चालवायचं, गार करायचं, मग वीस मिनिटं. दुसऱ्या खेपेला बॉनेटखालून पांढरा धूर आणि गोडसर, घशाला चरचरणारा वास आला. सर घाबरले; मिस्त्री मात्र खूश. वास आला म्हणजे रेझिन शिजतंय.

सरांनी तापमान मोजायचं पिस्तूल मागवलं होतं. चंदेरी रंगावर धरलं तर 170. "बघा, सहाशे कुठं आणि हे कुठं!" मिस्त्रींनी त्यांचा हात धरून तोच लाल ठिपका शेजारच्या बिनरंगाच्या, गंजलेल्या फ्लँजवर नेला. 280. चंदेरी पृष्ठभाग उष्णता कमी फेकतो, म्हणून पिस्तूल फसतं. त्याच कारणानं बॉनेटखाली तो काळ्या रंगापेक्षा बरा. उन्हाळ्यात इंजिनाच्या तापलेल्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकायची पाळी जरा कमी येते.

सर पिस्तूल पेटीत ठेवत म्हणाले, "पण ओरिजिनल तर काळा होता ना? यावरच काळा मारला तर?"

"मारा की," मिस्त्री म्हणाले, "फकस्त आधी शिरोलीला न्या, आन् त्या पोराला तुम्हीच सांगा."