‘ती उजव्या मेंदूची आहे हो!’

मे महिन्याची सुटी लागली की आमच्या गावात विजेच्या खांबांवर पत्रकं झळकू लागतात. ‘तुमचं मूल उजव्या मेंदूचं की डाव्या? आजच तपासून घ्या!’ मुलाच्या बोटांचे ठसे द्यायचे, काही हजार रुपये मोजायचे, की रंगीत अहवाल हातात. डावा मेंदू म्हणजे गणित, हिशेब, शिस्त. उजवा म्हणजे चित्र, गाणं, कल्पना. कसं अगदी सुटसुटीत! मला खटकतो तो हा सुटसुटीतपणाच.

या गोष्टीचं मूळ मात्र खरं आहे. १८६१ मध्ये पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. बोललेलं त्याला कळायचं, पण तोंडून ‘टॅन’ एवढंच निघायचं. तो गेल्यावर पाहिलं तर मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या बाजूला इजा झालेली. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी फिट्स येणाऱ्या काही रुग्णांचा अभ्यास केला. झटके थांबावेत म्हणून या रुग्णांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा मज्जातंतूंचा जाड पूल डॉक्टरांनी कापला होता. त्यांना नजरेच्या डाव्या बाजूला क्षणभर, समजा, चमच्याचं चित्र दाखवलं, तर ते फक्त उजव्या भागात पोचायचं. ‘काय दिसलं?’ विचारलं तर उत्तर, ‘काहीच नाही.’ आणि डावा हात मात्र पडद्याआडच्या वस्तूंतून बरोब्बर चमचा उचलायचा! १९८१ मध्ये स्पेरी यांना या कामासाठी नोबेल मिळालं.

खरी गोम इथेच आहे. त्या रुग्णांचा पूल कापलेला होता, तुमचा-माझा शाबूत आहे. त्यातून वीस कोटींच्या आसपास तंतू सतत इकडचे निरोप तिकडे नेत असतात. बोलणं बहुतेकांमध्ये डावीकडून चालतं, बोलण्यातला सूर ओळखायला उजवीकडची मदत जास्त होते. कामांची अशी थोडीफार वाटणी आहे, पण म्हणून माणसांची वाटणी होत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने ७ ते २९ वयाच्या १०११ जणांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. एकाच बाजूवर सगळा भार टाकणारा असा ‘डाव्या’ किंवा ‘उजव्या’ मेंदूचा माणूस त्यात आढळला नाही.

आपलंच बघा ना. ब्लाऊज बेतताना छाती, मुंढा, बाहीची मापं धरायची म्हणजे हिशेबच. आणि सपाट कापडाचा अंगावर कसा आकार येईल, हे शिवण्याआधीच डोळ्यांसमोर आणायचं. यातलं डावं कुठलं आणि उजवं कुठलं?

शेजारच्या वहिनींची मुलगी आठवीत आहे. अहवालात ‘उजवा मेंदू प्रबळ’ असं आलं, तशी घरात सगळ्यांनी तिच्या गणिताची आशाच सोडली. ‘नाहीतरी मुलीला काय करायचंय गणित,’ आजी म्हणाल्या. (नातू असता तर म्हणाल्या असत्या का, हा वेगळा विषय!) मी वही मागून घेतली. समीकरण नीट मांडलेलं, पाढे पक्के. फक्त कंसाबाहेर वजाचं चिन्ह आलं की आतली चिन्हं बदलायची राहून जात होती. पानोपानी तीच एक चूक. वहिनींना दाखवली तर म्हणाल्या, ‘अगंबाई, एवढंच?’ मग रोज पाच गणितं आणि चिन्हांना लाल पेन. दिवाळीपर्यंत ती चूक दिसेनाशी झाली.

आणि बोटांच्या ठशांचं काय? ते आईच्या पोटातच पक्के होतात आणि जन्मभर तसेच राहतात. मेंदू मात्र नवीन काही शिकलं की बदलत असतो. न बदलणाऱ्या ठशावरून बदलणाऱ्या मेंदूचं भविष्य सांगायचं, म्हणजे हात पाहणाऱ्या जोशीबुवांचंच काम की! ते निदान दक्षिणेवर भागवतात.

ज्यांनी पैसे भरलेत, त्यांनी तो अहवाल मुलांच्या हाती देऊ नये, असं मला वाटतं. आठवीतल्या पोरीला ‘तुझा मेंदूच तसा’ असं छापून दिलं, तर ती प्रयत्न तरी कशाला करील? त्यापेक्षा दोन साध्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. वाचून झालं की पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहायचं, आणि तोच धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा असाच लिहायचा. त्याला पाठकोऱ्या कागदांची वही पुरते.